सतरा नंबरचं बॅरियर आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की विज्ञानकथांमधल्या ढाली, कवचं, शील्ड यांबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त पाठवा, आणि खरं सांगते, एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली अर्ध्याहून जास्त एकाच जणाबद्दल आहेत, ड्रॅगन बॉलमधला अँड्रॉइड सतरा आणि त्याचं ते हिरवट बुडबुड्यासारखं बॅरियर. मलाही हे पात्र मनापासून आवडतं त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या. ज्यांनी बघितलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अकिरा तोरियामांची ही जपानी मंगा १९८४ ते १९९५ शोनेन जंप या साप्ताहिकात आली, तिच्यावरून ड्रॅगन बॉल झेड ही ॲनिमे मालिका १९८९ ते १९९६, आणि पुढची कथा सांगणारी ड्रॅगन बॉल सुपर २०१५ ते २०१८. आपल्याकडे बऱ्याच जणांनी झेड कार्टून नेटवर्कवर शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून बघितलीय. तोरियामा १ मार्च २०२४ ला गेले, ८ मार्चला बातमी आली तेव्हा मला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे जेवढे मेसेज आले तेवढे वाढदिवसालाही येत नाहीत.

ताई, माझा मित्र म्हणतो अँड्रॉइड म्हणजे रोबो. मग सतरा रोबो आहे तर त्याचं लग्न कसं झालं, मुलं कशी? आणि बॅरियर हे त्याच्या आत बसवलेलं मशीन आहे की बाकीच्यांसारखी शिकलेली ट्रिक?
*दहावीतला विद्यार्थी, मिरज*

तुझा मित्र इंग्रजी भाषांतरामुळे फसलाय, त्याची चूक नाही. जपानीत तोरियामांनी जो शब्द वापरलाय तो ‘जिंझोनिंगेन’, म्हणजे घडवलेला माणूस, कृत्रिम माणूस. आणि गंमत म्हणजे हा शब्द फार जुना आहे, कारेल चापेक या चेक लेखकाचं १९२० चं नाटक आहे ज्यातून जगाला ‘रोबो’ हा शब्द मिळाला (चेकमध्ये ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगारी), ते १९२३ मध्ये जपानीत आलं तेव्हा त्याला याच शब्दाचं नाव दिलं होतं. आणि त्या नाटकातले रोबो पत्र्याचे नव्हतेच मुळी, ते मांसासारख्या पदार्थापासून बनवलेले, माणसासारखेच दिसणारे होते. म्हणजे सतरा हा आजच्या अर्थाने रोबो नसला तरी त्या शब्दाच्या मूळ अर्थाच्या खूप जवळ आहे.

कथेत काय आहे बघ. रेड रिबन आर्मी या खलनायकांच्या लष्कराचा शास्त्रज्ञ डॉ. गेरो. त्याने काही अँड्रॉइड पूर्ण यंत्राचे केले, उदाहरणार्थ सोळा नंबर, तो शंभर टक्के मशीन. एकोणीस आणि वीस हे समोरच्याची ऊर्जा तळहातातून ओढून घेणारे, त्यातला वीस म्हणजे स्वतः गेरोच. पण सतरा आणि अठरा हे दोघं जुळे बहीणभाऊ, हाडामांसाची माणसं होती, गेरोने त्यांची शरीरं बदलली आणि आत न संपणारा ऊर्जेचा स्रोत दिला. त्यामुळे ते थकत नाहीत, पण बाकी माणूसच. अठराने क्रिलिनशी, म्हणजे मालिकेचा नायक गोकूच्या मित्राशी, लग्न केलं, सतराचंही घर आहे, बायको आहे, मुलं आहेत. गोकूला सतराची ‘की’, म्हणजे जिवंत माणसातली ऊर्जा, जाणवत नाही ती याचमुळे, ऊर्जा आहे पण ती जिवंत माणसाच्या आतून आल्यासारखी येत नाही.

आता बॅरियर. पहिल्यांदा नीट दिसतं ते गोकूच्या बाजूच्या पिकोलोशी लढताना. तो प्रसंग परत बघ, मंगात बघितलास तर अजून चांगलं. पिकोलो एकामागून एक ऊर्जेचे गोळे मारतोय आणि सगळे चुकतायत, सतरा बघतोय, त्याला वाटतंय याचा नेम गेलाय. मग लक्षात येतं की एकही चुकलेला नाही, सगळे गोळे सतराच्या चारी बाजूंनी, वर, खाली, हवेत लटकून थांबलेत, पळायला फटच नाही, आणि पिकोलो एकदम ते सगळे आत ओढतो. स्फोट, धूर. आणि धूर विरतो तर सतरा आत गोलाकार कवचात उभा. मला तो क्षण आवडतो कारण तिथे पळण्याचे सगळे रस्ते लेखकाने आधी बंद केलेत, म्हणून ढाल अशी काढलीय की वाचकाला पटते.

मशीन की ट्रिक, याचं माझं उत्तर दोन्ही. ऊर्जेचा साठा बसवलेला आहे, पण तो बाहेर काढून गोल आकारात धरून ठेवणं हे कौशल्य आहे. असं का म्हणते तर झेडमध्ये तो ते स्वतःभोवती धरतो, आणि सुपरमध्ये तोच माणूस दुसऱ्यांना आत घेऊन धरतो, कितीतरी सफाईने. बसवलेलं यंत्र आपोआप असं सुधारत नाही, सराव केलेला माणूस सुधारतो.

सतराची एनर्जी कधीच संपत नाही ना, मग जिरेनसमोर त्याचं बॅरियर टिकलं कसं नाही? हे लॉजिकली चुकीचं नाही का?
*इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे*

नाही, आणि हा मला आलेल्या सगळ्यांत चांगला प्रश्न आहे, कारण याच्या उत्तरात फिजिक्समधली एक गोष्ट आहे जी अकरावीच्या वर्गात दरवर्षी मुलांची गल्लत करते. एनर्जी आणि पॉवर.

घरातली गोष्ट घे. समजा कोणी तुला सांगितलं की आयुष्यभर वीजबिल भरायचं नाही, हवी तेवढी वीज वापर, युनिटची मर्यादाच नाही. मस्त. पण तुझ्या मीटरचा मंजूर भार आहे ५ किलोवॅट. आता तू एसी, गिझर, ओव्हन, इस्त्री आणि पाण्याची मोटर एकदम चालू केलीस तर काय होईल, एमसीबी पडेल. वीज संपली म्हणून नाही पडला तो, एका वेळी किती ओढता येते त्याला हद्द आहे म्हणून पडला. सतराचं तसंच आहे, त्याची टाकी कधी रिकामी होत नाही पण नळाला जाडी आहे. दिवसभर लढून तो दमणार नाही, पण एका क्षणात त्याच्या नळातून जेवढं येऊ शकतं त्याहून जास्त मारा झाला तर बॅरियर फुटणारच.

आकडे बघ म्हणजे पटेल. एक रायफलची गोळी घे, ८ ग्रॅम, वेग सेकंदाला ७०० मीटर. तिची ऊर्जा येते साधारण १,९६० ज्यूल, म्हणजे तुझ्या टेबलावरचा १० वॅटचा एलईडी बल्ब सव्वातीन मिनिटांत खातो तेवढी. एवढीच? हो, एवढीच. पण ती गोळी १० सेंटिमीटरच्या अंतरात थांबवायची असेल तर त्याला वेळ मिळतो सेकंदाचा साडेतीन हजारावा भाग, आणि तेवढ्यात १,९६० ज्यूल झेलायचे म्हणजे सुमारे ६९ लाख वॅट! तेराशेहून जास्त घरांचा मंजूर भार एकत्र केला तर होईल एवढी पॉवर, एका गोळीसाठी, आणि जोर म्हणशील तर त्या क्षणापुरतं दोन टन वजन ठेवल्यासारखं. म्हणजे ढालीचं खरं दुखणं कधीच साठा नसतं, वेळ असतो. ज्याने ही मालिका लिहिली त्याने हे गणित केलं असेल असं मी म्हणत नाही, पण जे दाखवलंय ते गणिताच्या विरुद्ध जात नाही.

आणि तो प्रसंग नुसता लॉजिकने बघू नकोस प्लीज. सुपरमधली टूर्नामेंट ऑफ पॉवर, ८ विश्वं, प्रत्येकाचे १० म्हणजे ८० लढवय्ये, ४८ मिनिटं, हरलेलं विश्वच पुसून टाकणार. १२७ व्या भागात गोकू आणि त्याचा साथीदार व्हेजिटा जवळजवळ संपलेत, समोरच्या विश्वातल्या सगळ्यात बलाढ्य जिरेनचा मारा येतोय आणि सतरा दोघांच्या पुढे उभा राहून बॅरियर धरतो. ते टिकत नाही हे त्याला कळतं, दुसरा कोणी असता तर बाजूला झाला असता. तो उरलेली सगळी ऊर्जा घेऊन स्वतःच फुटतो, म्हणजे शेवटची ढाल तोच. त्याच्या आतला गेरोचा बॉम्ब तर क्रिलिनने केव्हाच शेनरॉनकडे, म्हणजे इच्छा पूर्ण करणाऱ्या ड्रॅगनकडे, मागून काढून घेतलेला, म्हणजे हे कोणी त्याच्यात भरलेलं नव्हतं, त्याने स्वतः ठरवलेलं होतं. पुढे तो जिवंत परत येतो, आणि शेवटी मैदानात उरलेला एकटा तोच. मला विचारशील तर अख्ख्या मालिकेत बॅरियरचा यापेक्षा मोठा वापर नाही, आणि तो नेमका बॅरियर तुटल्यावर होतो.

बॅरियर होतं तर सेलने सतराला गिळलंच कसं?
*नाव नको, अमरावती*

कारण बॅरियर उभं करावं लागतं. ते कर्णाच्या कवचासारखं नाही की जन्मापासून अंगावर आहे, झोपेतही आहे, आणि काढायचं तर कापून द्यावं लागतं. सतराला आधी कळायला हवं की हल्ला येतोय. सोळाने सेलला, म्हणजे सतरा-अठराला गिळायला आलेल्या त्या खलनायकाला, जमिनीत गाडून वरून मारा केला, सगळ्यांना वाटलं संपला, आणि सेल जमिनीखालूनच फिरून सतराच्या मागे निघाला आणि शेपूट उघडून वरून ओढून घेतलं. तेवढंच. ढाल समोरच्यासाठी असते, पाठीमागून आलेल्यासाठी आधी सावधपणा लागतो. नंतर सेल स्वतःसुद्धा गोकूच्या माऱ्यासमोर तसलंच कवच काढतो ते आठवत असेल.

स्टार वॉर्समधले ते गोल होऊन घरंगळत येणारे ड्रॉइड पण शील्ड वापरतात, पण त्यांच्या शील्डमधून हळू गेलेली वस्तू आत जाते म्हणे. असं कसं शक्य आहे, ढाल एकतर अडवेल नाहीतर नाही ना?
*शाळेतली शिक्षिका, रत्नागिरी*

बाई, तुम्ही ड्रॉइडेकांबद्दल विचारताय, १९९९ च्या द फँटम मेनेसमध्ये पहिल्यांदा आले ते. चाकासारखे गुंडाळून येतात, थांबतात, तीन पायांवर उघडतात आणि शील्ड चालू करतात, दोन जेडाय योद्धे तलवारी घेऊन उभे असूनही शेवटी पळ काढतात. त्याच सिनेमात गुंगन लोकांचं भलंमोठं शील्ड आहे, रणगाड्यांच्या तोफा त्यावर आपटून वाया जातात, आणि मग साधे यांत्रिक सैनिक रांगेत शांतपणे चालत त्यातून आत येतात. स्टार वॉर्सच्याच क्लोन वॉर्स या ॲनिमेटेड मालिकेच्या पाचव्या सीझनमध्ये तर ऑन्डेरॉन ग्रहावरच्या बंडखोरांना ग्रेनेड फेकायचा नाही तर हळूच घरंगळवायचा याची चक्क प्रॅक्टिस करायला लावतात. जोरात फेकला की उडून परत, हळू सोडला की आत. मुळात ही कल्पना ड्यून या १९६५ च्या कादंबरीने लोकप्रिय केली, तिथे अंगावरच्या शील्डमुळे सगळी लढाई सुरीवर येते आणि सुरीसुद्धा शेवटच्या क्षणी मंद करावी लागते.

तुमच्या मुलांना हे वर्गात दाखवता येईल आणि खर्च वीस-तीस रुपये. घरातलं कॉर्नफ्लोअर घ्या, ते सूपमध्ये घालतो ते, दोन वाट्या, त्यात साधारण एक वाटी पाणी थोडं थोडं करून हाताने कालवा. चमचा फिरवायला जड जाऊ लागला की थांबा. आता बोट अगदी हळू आत सोडा, दह्यात गेल्यासारखं बुडेल, तळापर्यंत. मग मूठ वळून वरून जोरात मारा. मूठ थांबते! वरचा थर खटकन घट्ट होतो, त्यावर बारीक भेग पडल्यासारखी दिसते, चकाकी जाते, आणि मूठ उचलली की परत वितळून चमकायला लागतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अर्धा तास तेच करत बसले होते, पोळ्या तशाच राहिल्या.

कारण असं की पाण्यात स्टार्चचे कण दाटीने बसलेत. सावकाश ढकललं तर ते एकमेकांच्या बाजूने सरकतात, मधे पाणी असतं. झटका दिला की सरकायला वेळच मिळत नाही, कण कणाला घासून अडतो आणि क्षणभर भिंत होते. म्हणजे अडवणं आणि न अडवणं हे वस्तूवर नाही, वेगावर ठरतं. हे नुसतं स्वयंपाकघरापुरतं नाहीये, अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात लष्कराच्या प्रयोगशाळेसोबत काम करून असंच द्रव केव्हलारच्या, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटांच्या, कापडात मुरवलं, नेहमी मऊ राहणारं आणि टोकदार मारा आला की घट्ट होणारं. तेव्हा हळू ते आत आणि जोरात ते बाहेर, यात अशक्य असं काही नाही. ऊर्जेची ढाल तसं वागेल का हा वेगळा प्रश्न, पण कल्पना हवेतली नाही.

सतराच्या बॅरियरला मात्र हा नियम लावलेला नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही, तिथे सगळं किती ताकद समोर किती ताकद यावर चालतं.

असं एनर्जी शील्ड खरोखर कधी बनेल का? यूट्यूबवर रोज कोणीतरी म्हणतं की बनलंय.
*आयटीत नोकरी, हिंजवडी*

लढवय्याभोवती हिरवा फुगा, गोळी पण थांबवतो आणि लेझर पण, असं काही बनलेलं नाही. पण त्याचे तुकडे मात्र वेगवेगळ्या ठिकाणी खरे आहेत, ते सांगते.

एक, प्लाझ्मा विंडो. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आडी हर्शकोविच यांनी १९९५ मध्ये केली. एका बाजूला निर्वात, दुसऱ्या बाजूला आपली साधी हवा, आणि मधे काच नाही, दार नाही, फक्त सूर्याच्या पृष्ठभागाहून गरम असा, तापून विद्युतभारित झालेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, तो हवा आत येऊ देत नाही पण इलेक्ट्रॉनचा झोत जाऊ देतो. वेल्डिंगसाठी उपयोगाची. भोक अगदी छोटं, काही मिलिमीटरचं, गोळीचं तर नावच नको.

दोन, बोईंगचं २०१५ चं पेटंट. जवळ स्फोट झाला की मधली हवा लेझर किंवा विजेच्या ठिणगीने पटकन तापवून प्लाझ्मा करायची, म्हणजे धक्क्याची लाट वाकते, कमी होते. यूट्यूबवाले बहुतेक हेच दाखवतात. पण ते पेटंट आहे, वस्तू नाही, आणि त्यातून उडालेले तुकडे थांबत नाहीत, फक्त धक्का.

तीन, लेझर अडवणं. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला की चुंबकीय क्षेत्राने दाट प्लाझ्मा धरून ठेवला तर तो लेझर परतवू शकेल. तत्त्व तुमच्या आजोबांच्या रेडिओतलंच आहे, रात्री मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं लागायची ती वातावरणाच्या वरच्या थरावर, आयनोस्फिअरवर, लहरी आपटून परत यायच्या म्हणून, तोही प्लाझ्माच. पण मुलांनी पुढची अडचण पण प्रामाणिकपणे लिहिली: बाहेरचा प्रकाश परत जातो म्हणजे आतल्याला बाहेरचं काहीच दिसणार नाही, मिट्ट काळोख. सतरा आतून छान बघत असतो ते मला त्यानंतर प्रत्येक वेळी जाणवतं.

आणि चौथी ढाल जी खरोखर चालू आहे, आत्ता, तुम्ही वाचताय तेव्हाही: पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण ते बाजूला वळवतं. यासाठी अमेरिकेत जायला नको, हिंजवडीहून एखाद्या रविवारी अलिबागला जा. तिथली चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून या ढालीची नाडी मोजतेय. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं, पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि ट्रामच्या करंटमुळे मोजमापं बिघडणार म्हणून वेधशाळा समुद्रापलीकडे हलवली, इमारतीत चुंबकाला ओढेल असं लोखंड नको याची काळजी घेऊन. कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदींत सप्टेंबर १८५९ चं वादळ आहे, उपकरणांनी मोजलेल्यांतलं सगळ्यात मोठं सौर वादळ, सुई सुमारे १,६०० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली गेलेली. तेव्हा कोणीतरी रात्रंदिवस जागून ते आकडे हाताने लिहिले म्हणून आज जगभरचे शास्त्रज्ञ ते वापरतात. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानलेला आकाश लाल झालेलं तुम्ही फोटोत पाहिलं असेल, ती आपल्या ढालीवर पडलेल्या माराची खूण. बॅरियरवर मारा आला की ते झळाळतं असं ॲनिमेवाले दाखवतात ना, तसंच काहीसं वर होतं, फक्त शंभर किलोमीटर आणि त्याहून उंच.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. काल बिल्डिंगखाली कुत्रं भुंकत आलं तर हा धाकट्या बहिणीच्या पुढे हात पसरून ‘बॅरियर’ असं ओरडत उभा राहिला. मला कौतुक वाटलं आणि भीतीपण वाटली. हे कार्टून बंद करू का?
*आई, नाशिक*

बंद नका करू हो. त्याने काय उचललंय बघा ना, मारामारी नाही, बहिणीच्या पुढे उभं राहणं उचललंय.

पण भीती खरी आहे. कुत्र्यासमोर हात पसरून ओरडलं तर ते जास्त बिथरतं, त्यामुळे हे त्याला सांगायलाच हवं, आणि सांगायला सतराच उपयोगी पडेल. त्याला विचारा सतरा काम काय करतो माहितीये का? सुपरमध्ये तो एका बेटावर दुर्मिळ प्राण्यांचा रखवालदार आहे, शिकारी येतात त्यांच्यापासून जनावरांना वाचवतो. गोकू त्याला टूर्नामेंटला बोलवायला जातो तर तो आधी नाही म्हणतो, बेट सोडून कसा येऊ म्हणून. असा माणूस भुंकणाऱ्या कुत्र्यावर ओरडेल का? तो हलणार नाही, डोळ्यात डोळे घालणार नाही, पळणार नाही, हात अंगाशी धरून बहिणीला मागे ठेवून हळूहळू मागे सरकेल आणि मोठ्या माणसाला हाक मारेल. घरात दोन-तीनदा खेळून घ्या, तुम्ही कुत्रं व्हा. मुलांना सांगितलेलं राहत नाही, खेळलेलं राहतं.

मी दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय, त्यात मराठी बोलणारी एक अँड्रॉइड सैनिक आहे आणि तिच्याकडे शील्ड आहे. शील्डला शब्द काय वापरू आणि कथा पोकळ वाटू नये म्हणून काय बघू?
*नवी लेखिका, मडगाव*

शब्द आधी. ‘ढाल’ हातात धरायची असते, एका बाजूची. ‘चिलखत’ अंगाला चिकटलेलं, वजनाचं. ‘कवच’ सगळीकडून, त्यामुळे अर्थाने कवच बरोबर. पण तुमची सैनिक जर एका बाजूलाच ते धरू शकत असेल तर ढालच म्हणा, जास्त जिवंत वाटेल. आणि तिच्या तुकडीतल्या पोरांच्या तोंडी सरळ ‘शील्ड’ येऊ द्या, चालू लढाईत कोणी ‘ऊर्जाकवच’ म्हणणार नाही.

मग ठरवा आतून काय जातं. प्रकाश जातो का? आवाज? बाहेरचा ओरडतोय आणि हिला ऐकूच येत नाहीये, यातूनच एक अख्खा प्रसंग मिळेल तुम्हाला. आणि हवा. हवा जात नसेल तर हिशोब करा, दोन मीटर व्यासाचा गोल म्हणजे आत साधारण ४,२०० लिटर हवा. साधा माणूस शांत पडून राहिला तर तासाला पंधराएक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे गुदमरल्यासारखं व्हायला सात-आठ तास तरी लागतील. तोच जीव खाऊन लढत असेल तर तासाभरातच डोकं दुखायला लागेल, धाप लागेल. तुमची अँड्रॉइड श्वास घेत नसेल तर तिला काही नाही, पण तिने आत जर एक जखमी माणूस घेतलाय, तर? ती ढाल उघडू शकत नाही आणि बंदही ठेवू शकत नाही. तिथून कथा लिहायला घ्या असं मला वाटतं.

आणि ढाल कधी पडते ते पहिल्या पानापासून तुम्हाला माहीत असू द्या, वाचकाला नंतर कळलं तरी चालेल.

ताई, एवढं सगळं ऐकून बघावंसं वाटतंय पण शेकडो भाग आहेत, कुठून सुरू करू?
*वाचक, सोलापूर*

फक्त सतरासाठी बघायचं असेल तर ड्रॅगन बॉल सुपरचा ८६ वा भाग लावा, गोकू पहिल्यांदा त्या बेटावर येतो आणि दोघांची थोडी झटापट होते. ८७ मध्ये शिकारी येतात. मग टूर्नामेंट, आणि १२१ चुकवू नका, अठरा भावाला मैदानात परत ढकलून स्वतः खाली पडते. सुपरचे एकूण १३१ आहेत. शेवटच्यात सतराला एक वर मागायचा असतो, तो घरच्यांना घेऊन जग फिरायला एक जहाज मागणार असं आधीपासून म्हणत असतो. काय मागतो ते सांगत नाही, बघा आणि मला लिहा.